जुन्या सेस्ना १५२ चे प्रशिक्षण-विमान करताना: कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

उड्डाणातून निवृत्त झालेले लहान विमान संस्थेला मिळाले की पहिला फोन बहुतेक वेळा रंगवाल्याला जातो. क्रम इथेच चुकतो. रंग चढतो, फोटो निघतात, मुले कॉकपिटमध्ये बसू लागतात आणि तोवर टाक्यांत इंधनाची वाफ, मॅग्नेटोत (इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या छोट्या जनित्रात) ठिणगी आणि शेपटीत जिवंत आपत्कालीन ट्रान्समीटर तसाच असतो. सुरक्षितता शिकवायला आणलेले यंत्रच सर्वांत मोठा धोका होऊन बसते.

या लेखात उदाहरण सेस्ना १५२ चे घेतले आहे. १९७७ ते १९८५ या काळात बनलेले हे दोन आसनी विमान भारतातल्या फ्लाइंग क्लबांनी वर्षानुवर्षे वापरले आणि जमिनीवरच्या प्रशिक्षणासाठी ते सोयीचे पडते. हे विमान पुन्हा उडणार नाही आणि त्याचे इंजिनही सुरू होणार नाही, असे इथे गृहीत धरले आहे. इंजिन चालवायचे असेल तर ते परवानाधारक इंजिनिअरच्या देखरेखीखालचे वेगळेच काम आहे. ते या क्रमात मध्येच घुसवू नका.

टप्पा १: काय शिकवायचे ते आधी लिहून काढा

एका कागदावर तीन रकाने करा: कोण शिकणार, काय शिकणार, त्यासाठी विमानाचा कोणता भाग चालू हवा. शिकाऊ वैमानिकाला उड्डाणापूर्वीची फेरी शिकवायची असेल तर कंट्रोल पृष्ठे (विमान वळवणारे पंख-शेपटीचे हलते भाग), टायर, इंधनाची झाकणे आणि पिटो नळी (वेग मोजण्यासाठी समोरची हवा घेणारी) खरी हवी. रेडिओ नसला तरी चालेल. अग्निशमन दलाला बचाव शिकवायचा असेल तर दारे, पट्टे, मास्टर स्विच आणि इंधनाची खटकी जागच्या जागी हवी. रंगाशी त्यांना देणेघेणे नाही. देखभाल शिकणाऱ्यांना उघडता येणारी काउलिंग (इंजिनावरचे आवरण) आणि तपासणीची झाकणे हवीत.

पत्रे कापून दाखवायचा सराव आणि उड्डाणापूर्वीच्या तपासणीचा सराव एकाच सांगाड्यावर होत नाही. कापायचे असेल तर त्यासाठी दुसरे, आधीच मोडलेले विमान शोधा.

टप्पा २: कागदपत्रे

विमान ताब्यात घेण्यापूर्वी चार गोष्टी पाहा.

१. डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) नोंदणी रद्द झाल्याचे पत्र. ते हाती आल्यावरच ‘व्हीटी’ने सुरू होणारी नोंदणीची अक्षरे पुसा, आधी नाही, आणि नंतर ठेवूही नका.
२. बँकेचा बोजा किंवा भाडेकरार शिल्लक नाही याचा पुरावा. विमान आयातशुल्कात सवलत घेऊन आलेले असेल तर त्या सवलतीच्या अटी संपल्या आहेत का, तेही विचारा.
३. अपघातग्रस्त विमान असेल तर तपास यंत्रणेने अवशेष मोकळे केल्याचे लेखी पत्र. त्याशिवाय एक बोल्टही हलवू नका.
४. लॉगबुके. ती जपून ठेवा आणि शेवटच्या पानावर ‘उड्डाणातून कायमचे बाद, केवळ जमिनीवरील प्रशिक्षणासाठी’ अशी सही-तारखेसह नोंद करा.

सावध: प्रशिक्षण-विमानातला कोणताही सुटा भाग उडत्या विमानात परत जाता कामा नये. शेजारच्या हँगरमधून ‘तुमचा अल्टरनेटर दोन दिवस द्या’ अशी मागणी येतेच. मॅग्नेटो, कार्बुरेटर, चाके, ब्रेक, उपकरणे या प्रत्येकावर पुसता न येणारी खूण कोरा आणि यादी करा. नुसते स्टिकर लावले तर ते आठवड्यात निघते.

टप्पा ३: हलवण्याची तयारी

ट्रकवरून न्यायचे तर पंख काढावे लागतात. क्रम असा: इंधन काढणे (टप्पा ४ मध्ये सांगितलेल्या पद्धतीने), इंधनाच्या नळ्या, विजेच्या तारा व पिटोची नळी सोडवणे, केबलचा ताण उतरवून एलेरॉन (विमान कलवणारे पंखाच्या टोकाकडचे हलते भाग) आणि फ्लॅप (उतरताना खाली करायचे मुळाकडचे भाग) यांच्या केबल सोडवणे, पंख टोकाकडे आधारावर घेणे, तिरपा स्ट्रट (पंखाला खालून धरणारा दांडा) पंखाकडून सोडणे आणि शेवटी पंखाच्या मुळाचे बोल्ट. स्ट्रट आधी सोडला आणि पंखाला आधार नसला तर पंखाचे सगळे वजन मुळाच्या जोडावर येते आणि तो वाकतो.

मागच्या बोल्टाला विकेंद्री बुश असतात. त्यांची जागा रंगीत पेनाने खूण करून ठेवा, नाहीतर पंख परत बसवताना पीळ बदलतो. प्रत्येक जोडाचे बोल्ट वेगळ्या कापडी पिशवीत घालून ती पिशवी त्याच जोडाला बांधा. ‘सगळे एका डब्यात’ ही चूक बसवताना दोन दिवस खाते.

सावध: इंजिन काढले की विमान शेपटीवर बसते. नाकातून शंभर किलोहून जास्त वजन गेलेले असते. इंजिन उचलण्यापूर्वी शेपटीखाली घोडी लावा. नंतरही, इंजिन नसलेल्या सांगाड्यात कोणी मागच्या सामानाच्या जागेत शिरणार असेल तर घोडी हलवू नका.

टप्पा ४: निरुपद्रवी करणे

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. या टप्प्याची सही झाल्याशिवाय झाडूवाल्यालाही विमानाजवळ काम देऊ नका.

*इंधन.* १५२ च्या साध्या टाक्यांत मिळून २६ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ९८ लीटर इंधन मावते, त्यातले २४.५ गॅलनच उड्डाणात वापरता येते. काटा शून्यावर आहे म्हणजे टाकी कोरडी आहे, असे समजू नका. विमान आणि धातूचा डबा तारेने एकमेकांना व जमिनीला जोडून मगच पंखाखालचे ड्रेन, इंजिनाजवळच्या गाळणीचा ड्रेन आणि कार्बुरेटरचा तळ, या क्रमाने काढा. प्लास्टिकचा कॅन वापरू नका; त्यात स्थिर वीज साठते. १००एलएल या विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसे असते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घाला आणि त्या इंधनाने हात किंवा सुटे भाग धुऊ नका.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. हवेत इंधनाच्या वाफेचे प्रमाण साधारण सव्वा टक्का झाले तरी ती पेट घेऊ शकते, आणि तळाशी उरलेल्या वाटीभर इंधनाला एवढी वाफ करणे कठीण नाही. झाकणे आणि ड्रेन उघडे ठेवून ठिणगी न पाडणाऱ्या ब्लोअरने हवा सोडा. मग ज्वलनशील वायूच्या मीटरने टाकीच्या तळाजवळ मोजा. वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे वरच्या तोंडाशी घेतलेले माप फसवे असते. एका तासाच्या अंतराने दोनदा शून्य आले पाहिजे. ‘आठवडाभर उन्हात उघडी होती’ हा पुरावा नव्हे.

*बॅटरी.* १५२ ची यंत्रणा २८ व्होल्टची असून २४ व्होल्टची बॅटरी फायरवॉलच्या पुढे, उजव्या बाजूला असते. ऋण टोक आधी सोडा. पेटीत सांडलेले ॲसिड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. बुडबुडे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. सेस्ना १५० ची यंत्रणा १४ व्होल्टची आहे. दोन्ही विमाने दिसायला सारखी असल्यामुळे चुकीचा चार्जर किंवा चुकीचे दिवे लागण्याचा प्रकार बराच होतो.

*मॅग्नेटो.* बॅटरी काढली म्हणजे इंजिन मेले, हा समज सर्वांत महागात पडतो. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. किल्ली ‘ऑफ’वर असताना एक तार मॅग्नेटोला जमिनीशी जोडून ठिणगी दाबून धरते, ती तार तुटली की किल्ली तुमच्या खिशात असली तरी प्रॉप (पंखा) हाताने फिरवताच इंजिन एखादा ठोका देऊ शकते. लायकॉमिंग ओ-२३५ ला चार सिलिंडर आणि आठ स्पार्क प्लग असतात. आठही प्लग काढा, भोकांत प्लास्टिकची बुचे बसवा आणि प्लगच्या तारांची टोके झाकून बांधून टाका. स्टार्टरकडे जाणारी जाड केबल सोडवून तिचे टोक इन्सुलेट करा.

एवढे करूनही विद्यार्थ्यांना प्रॉपला हात लावू देऊ नका. इथे लागलेली सवय ते उद्या चालू विमानापाशी घेऊन जाणार आहेत.

*आपत्कालीन ट्रान्समीटर.* सामानाच्या जागेमागे, शेपटीच्या पोकळीत तो सापडतो. ४०६ मेगाहर्ट्झचा असेल तर पडझडीच्या सरावात लागलेल्या धक्क्यानेही त्याचा इशारा उपग्रहामार्फत बेंगळुरूच्या नियंत्रण केंद्रापर्यंत जातो आणि खरी शोधमोहीम सुरू होऊ शकते. स्विच बंद करा, बॅटरी काढा, नोंदणी रद्द करवून घ्या. सरावासाठी रिकामी पेटी परत बसवली तरी चालते.

*दाबाखालचे भाग.* नाकाच्या चाकाच्या स्ट्रटमध्ये (धक्के झेलणाऱ्या पायात) हवा आणि हायड्रॉलिक तेल असते. उघडण्यापूर्वी हवा पूर्ण सोडा. चाकाची रिम दोन भागांची असते. टायरमधली हवा सोडून व्हॉल्व्हचा गाभा बाहेर काढल्याशिवाय रिमच्या बोल्टांना पाना लावला तर रिम फुटून माणूस मरू शकतो.

तपासणी: टाक्या (मीटरची दोन मापे), बॅटरी, आठ प्लग, स्टार्टर केबल, ट्रान्समीटर, केबिनमधले अग्निशामक नळकांडे. सहा ओळी, प्रत्येकीसमोर दोन वेगवेगळ्या माणसांच्या सह्या. हा कागद लॅमिनेट करून दाराच्या आत लावा.

टप्पा ५: साफसफाई आणि गंज

बंद पडलेल्या विमानात उंदीर, पाली, मधमाश्या आणि कुंभारीण माशी यांचा मुक्काम ठरलेला. केबिन उघडून थेट झाडू लावू नका. उंदरांच्या लेंड्यांची धूळ श्वासात जाते. आधी जंतुनाशकाचे पाणी फवारून ओले करा आणि मास्क लावून पुसा. पिटो, स्टॅटिक छिद्र (बाहेरच्या हवेचा दाब घेणारे) आणि डाव्या पंखाखालची इंधनाची हवा-नळी यांत कुंभारणीची माती हमखास सापडते. ती तारेने आत ढकलू नका. पिटोच्या बाबतीत उपकरणाकडची नळी आधी सोडवा आणि मग कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर उडवा. उलट दिशेने हवा मारली तर वेगमापक फाटतो.

सीट आणि गालिचा काढून खालचा पत्रा बघा. आवाज शोषणाऱ्या गादीखाली पाणी साचते आणि ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. कोकणात किंवा गोव्यात उभ्या राहिलेल्या विमानात ही भुकटी रिव्हेटांच्या रांगेतून वर येते. रिव्हेटाभोवती काळसर ओघळ दिसला तर तो रिव्हेट हलतो आहे. प्रशिक्षणासाठी तो तसाच ठेवा, पण यादीत नोंदवा. खरा दोष दाखवायला याहून चांगला नमुना मिळत नाही. मात्र पंखाचा मुख्य जोड, स्ट्रटचे टोक आणि चाकाचा पाय, यांत थरांनी सुटणारा गंज असेल तर त्या विमानात माणसे बसवू नका.

सावध: ॲल्युमिनियमवर लोखंडी तारेचा ब्रश किंवा स्टील वूल वापरू नका. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज सुरू होतो. नायलॉनची घासणी पुरेशी आहे. काचा ॲक्रिलिकच्या असतात. थिनर किंवा पेट्रोलने पुसल्या की त्यांत बारीक तडे जातात. भरपूर पाणी, सौम्य साबण आणि तळहात, बस्स.

टप्पा ६: कंट्रोल, सीट, वीज

केबलवरून मऊ फडके फिरवा; जिथे धागा अडकेल तिथे तार तुटलेली आहे. कप्पीवरच्या भागात हे सर्वाधिक होते. जोडणी झाल्यावर दिशा मोठ्याने बोलून तपासा: हँडल उजवीकडे, उजवे एलेरॉन वर, डावे खाली, हँडल मागे, एलिव्हेटर (शेपटीचा आडवा हलता भाग) वर. एक जण आत, एक जण बाहेर. उलट जोडलेल्या एलेरॉननी खरी विमाने पाडली आहेत. फ्लॅप ३० अंशांपर्यंत उतरतात.

सीटच्या रुळांकडे बहुतेक जण बघतही नाहीत. सेस्नाच्या सीटची खिटी रुळाच्या भोकात नीट बसली नाही तर वेग घेताना सीट मागे सरकते, वैमानिक हँडल धरून मागे जातो आणि विमानाचे नाक वर उठते. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने या रुळांसाठी खास आदेश काढलेला आहे. ओढले गेलेले भोक आणि झिजलेली खिटी बदला. जुन्या घासल्या रुळाचा एक तुकडा शिकवण्यासाठी वेगळा लाकडावर ठोकून ठेवा.

विजेसाठी बॅटरी परत बसवू नका. विद्युतप्रवाहावर मर्यादा घालता येणारा २८ व्होल्टचा पुरवठा वापरा. सुरुवातीला सगळे ब्रेकर बाहेर ओढलेले ठेवा आणि एकेक आत दाबत प्रवाहाचा आकडा बघा. दिवे लागले तरी बरेच काम भागते. १५२ चा स्टॉल-भोंगा (वेग फार कमी होऊन पंखांची उचल तुटायला आली की वाजणारा) विजेवर चालतच नाही. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेतल्या छिद्रातून हवा ओढली गेली की तो वाजतो. रुमाल धरून तोंडाने हवा ओढण्याची पद्धत आहे, पण धूळ खाल्लेल्या विमानावर दाबून सोडला की हवा ओढणारा रबरी फुगा वापरा.

टायरमध्ये पुढे ३० आणि मागे २१ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक), नाकाच्या स्ट्रटमध्ये २० पीएसआय. विमान उडणार नाही म्हणून हवा अंदाजाने भरू नका. विद्यार्थी जे बघतील तेच योग्य मानतील.

टप्पा ७: उभे करण्याची जागा

रिकामे १५२ पाचशे किलोच्या आसपास भरते. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या वावटळीला ते उलटवायला वेळ लागत नाही, आणि टाक्या रिकाम्या, इंजिन काढलेले असेल तर आणखीच सोपे. दोन्ही पंख आणि शेपूट, असे तीन नांगर काँक्रीटमध्ये गाडा. दोर नायलॉनचा घ्या. काथ्याचा दोर ओला झाला की आखडून पंख ओढतो. थोडी ढील ठेवा. कंट्रोल लॉक (हँडल हलू न देणारी खीळ) लावा, चाकांना दोन्हीकडून चॉक (अडसराचे ठोकळे) द्या आणि पोटाखालची पाणी निचऱ्याची भोके उघडी आहेत का ते पहिल्या पावसाआधी बघा. ताडपत्री घट्ट गुंडाळली तर आत घाम धरतो; बाजू मोकळ्या सोडा.

टप्पा ८: सराव

*लपवलेले दोष.* प्रत्येक दोषाला क्रमांक द्या आणि प्रशिक्षकाच्या वहीत जागा, वेळ, लावणाऱ्याची सही लिहा. नवशिक्यांसाठी एका फेरीत सहा दोष आणि वीस मिनिटे ठीक आहेत. उपयोगी पडणारे दोष: नाकाच्या चाकाला तसाच राहिलेला टो-बार (विमान ओढायची दांडी), कंट्रोल लॉक, पिटोचे आवरण, झाकणाचे गायब रबर, एलिव्हेटरच्या बोल्टात कॉटर पिन नसणे, उलट दिशेने ओढलेली सेफ्टी वायर (बोल्ट सैल होऊ न देणारी तार), हवा-नळीत कापसाचा बोळा, काउलिंगमध्ये काड्यांचे घरटे, तेलाची अर्धी फिरवलेली काठी. एखाद्या फेरीत एकही दोष लावू नका. दोष आहेतच असे धरून शोधणारा विद्यार्थी आणि प्रत्यक्ष पाहणारा विद्यार्थी यांतला फरक तेव्हा कळतो.

सरावासाठी उलट जोडलेली एलेरॉन हा फार चांगला दोष आहे, पण तो सुट्या दुव्याने करा. मूळ केबलची अदलाबदल करू नका.

तपासणी: फेरी संपली की वहीतले क्रमांक आणि काढलेले दोष जुळलेच पाहिजेत. एक कमी भरला तर पुढची फेरी थांबवा. विसरलेला दोष पुढच्या गटाला नेहमीचाच वाटतो.

*इंधनाची ओळख.* हे विमानापासून दूर, उघड्यावर, काचेच्या लहान बरण्यांत करा. एकीत निळे १००एलएल, दुसरीत त्यात थोडे पाणी, तिसरीत जेट इंधन मिसळलेले. पाणी तळाशी गोळा होते. मिश्रणाचा निळा रंग फिकट पडतो. पांढऱ्या कागदावर थेंब टाकला तर पेट्रोल उडून जाते, जेट इंधन मात्र तेलकट डाग सोडते. आणखी एक बरणी फक्त पाण्याची ठेवा. सगळा नमुनाच पाण्याचा असेल तर थर दिसत नाही, आणि ‘स्वच्छ आहे’ असे म्हणून पुढे जाणारे बरेच निघतात.

*बाहेर पडणे.* सक्तीच्या उतरण्यापूर्वी दारांच्या कड्या सोडायच्या असतात, म्हणजे सांगाडा पिळवटला तरी दार अडकत नाही. हा हात डोळे बांधून बसला पाहिजे: कडी, पट्टा, बाहेर, मागच्या दिशेने. विमान उलटे झाले असेल तर पट्टा सोडण्यापूर्वी एक हात छताला टेकवायचा. नाहीतर माणूस डोक्यावर पडतो. हे तोंडी आणि हाताच्या हालचालींनी शिकवा, सांगाडा उलटा टांगू नका. धूर हवा असेल तर नाटकात वापरतात ते धुराचे यंत्र घ्या, एक दार उघडे ठेवा आणि प्रशिक्षक आतच बसू द्या. या विमानात खरी आग लावायची नाही.

*बचाव पथकासाठी.* मिक्स्चरची (इंधन-हवेच्या मिश्रणाची) लाल मूठ बाहेर, केबिनच्या तळावरची इंधनाची खटकी बंद, किल्ली ऑफ, मास्टर ऑफ, आणि हे सगळे प्रॉपच्या वर्तुळाबाहेरून येऊन. १५२ मध्ये इंधन डोक्यावरच्या पंखांत आहे, हे त्यांना हात लावून दाखवा. छप्पर कापायला घेणारा नेमका तिथेच करवत लावतो. काही नव्या विमानांत रॉकेटने उघडणारे पॅराशूट असते. १५२ मध्ये ते नाही, पण त्याच्या तारांना व मुठीला हात लावायचा नाही हे याच वर्गात सांगून टाका. दुसरा वर्ग कधी होईल याचा भरवसा नसतो.

सराव संपल्यावर वही बंद करण्यापूर्वी पाच गोष्टी: दोषांचा मेळ, वीजपुरवठा बंद, कंट्रोल लॉक, तीन दोर, आणि दाराआतल्या कागदावर आजची तारीख. दर सहा महिन्यांनी टाक्यांजवळ वायूचा मीटर पुन्हा लावा. कोणीतरी ‘खरे वाटावे म्हणून’ थोडे पेट्रोल ओतून ठेवलेले असू शकते.